बंदुकीच्या मुखाचे मोजमाप : चोकची ओळख, निवड आणि परभणी जिल्ह्यातील बारा बोअर बंदूक

प्रस्तावना

मराठवाड्यातील जुन्या वतनदार घरांत खंडेनवमीच्या दिवशी विळा, कुऱ्हाड, फाळ आणि तलवार यांची पूजा होते. ज्या घरात परवाना आहे तेथे याच रांगेत बंदूकही मांडली जाते. बहुतेक वेळा ती आजोबा-पणजोबांच्या काळातील दुनळी असते. परवान्यावर तिचे वर्णन ‘१२ बोअर, डी.बी.बी.एल.’ एवढ्या त्रोटक शब्दांत असते आणि त्यापुढे क्रमांक असतो. म्हणजे बारा बोअरची, दोन नळ्यांची, मागून काडतूस भरावयाची बंदूक. शासकीय दृष्टीने शस्त्राची ओळख येथे पूर्ण होते.

परंतु त्या बंदुकीतून सुटलेले छर्रे चाळीस यार्डांवर किती पसरतील, तीतून सबंध शिशाची गोळी झाडणे सुरक्षित आहे की नाही, आणि डाव्या व उजव्या नळीत काय फरक आहे, या प्रश्नांची उत्तरे परवान्यावर नसतात. ती बंदुकीच्या मुखाशी असतात. नळीच्या अखेरच्या काही सेंटिमीटरांत छिद्र किंचित अरुंद केलेले असते. या अरुंदपणास ‘चोक’ म्हणतात. आधुनिक बंदुकांत तो पेचाने बसविता व काढता येणाऱ्या छोट्या नळीच्या रूपात मिळतो. अशी सुटी चोक-नळी हरवली, झिजली किंवा वेगळ्या कामासाठी दुसरी हवी झाली, तर योग्य नळी ओळखणे व निवडणे हा एक तांत्रिक प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न निर्माण कसा झाला आणि परभणीसारख्या जिल्ह्यात त्याचे स्वरूप वेगळे का आहे, याचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१) चोक या संकल्पनेचा उगम व विकास यांचा आढावा घेणे.
२) हिंदुस्थानातील शिकारीच्या गरजा व चोक यांच्यातील विसंगती तपासणे.
३) परभणी जिल्ह्याच्या राजकीय व कायदेशीर स्थित्यंतरांच्या पार्श्वभूमीवर बारा बोअर बंदुकीचे स्थान पाहणे.
४) चोक ओळखण्याच्या व निवडण्याच्या पद्धतींची ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे मांडणी करणे.

संज्ञा व मोजमापे

शस्त्रांविषयीची मराठी शब्दसंपत्ती म्हणजे अनेक राजवटींचा थर आहे. ‘बंदूक’ हा शब्द अरबी-फारसी मार्गाने आला, तर ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ यांचे मूळ पोर्तुगीज भाषेत आहे. ‘बोअर’ व ‘चोक’ हे इंग्रजी शब्द त्यानंतरचे. ठासणीच्या बंदुकीच्या प्रत्येक भागाला मराठी शब्द सापडतो. चोकला मात्र सापडत नाही. कारण ठासणीच्या बंदुकीला सामान्यतः चोक नव्हताच. शब्दाचा हा अभावदेखील इतिहासाचे एक साधनच मानावे लागेल.

बारा बोअर या मापाची कल्पना अशी : एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास येईल, तो नळीच्या छिद्राचा व्यास. हा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मि.मी. भरतो. चोक म्हणजे या मूळ छिद्राच्या तुलनेत मुखाशी केलेला संकोच. तो इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. इंग्रजी परंपरेत सुमारे १० हजारांश म्हणजे पाव चोक, २० म्हणजे अर्धा, ३० म्हणजे पाऊण आणि ४० म्हणजे पूर्ण चोक. पूर्ण चोकमधील संकोच सुमारे एक मि.मी.चा असतो. ज्या नळीत अजिबात संकोच नाही तिला ‘सिलिंडर’ म्हणतात.

एवढ्या अल्प फरकाचा परिणाम मोठा असतो. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात एकूण छर्ऱ्यांपैकी किती पडतात, यावरून चोकची परीक्षा करतात. सिलिंडर नळीतून सुमारे ४० टक्के, अर्ध्या चोकमधून ६० टक्के आणि पूर्ण चोकमधून ७० टक्के छर्रे या वर्तुळात पडावेत, असा इंग्रजी संकेत आहे. सव्वा औंसापेक्षा किंचित कमी, म्हणजे १ १/८ औंस वजनाच्या, इंग्रजी ६ नंबरच्या भारात सुमारे ३०४ छर्रे असतात. त्यांपैकी सिलिंडरमधून सुमारे १२२, तर पूर्ण चोकमधून सुमारे २१३ छर्रे वर्तुळात सापडतील. दारू तीच, शिसे तेच. फरक केवळ नळीच्या तोंडाचा.

चोकचा उगम

चोकचा शोध नेमका कोणी लावला याविषयी एकमत नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथील विल्यम रोचेस्टर पेप यांच्या १८६६ च्या पेटंटमध्ये नळीचे मुख अरुंद करण्याचा उल्लेख आढळतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील बदकांचे शिकारी फ्रेड किंबल यांनी याच दशकात स्वतंत्रपणे हा प्रयोग केल्याचे सांगितले जाते. या विषयाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय नोंद मात्र सिल्व्हेस्टर रोपर यांची आहे. त्यांनी १८६८ मध्ये नळीच्या मुखावर पेचाने बसविता येणाऱ्या कड्याचे पेटंट घेतले. म्हणजे ‘बदलता येणारा चोक’ ही कल्पना मूळ चोकच्या इतकीच जुनी आहे. तिचा व्यापारी प्रसार मात्र पुढे सुमारे शंभर वर्षांनी झाला.

चोकला प्रतिष्ठा मिळवून दिली ती बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी. १८७४ च्या अखेरीस त्यांनी आपल्या चोक-नळ्यांची जाहिरात केली आणि १८७५ मध्ये लंडनच्या ‘द फील्ड’ या नियतकालिकाने घेतलेल्या जाहीर चाचण्यांत या नळ्यांनी सिलिंडर नळ्यांना मागे टाकले. पुढील काही वर्षांतच चोक हा इंग्रजी बंदुकीचा सर्वमान्य भाग झाला.

‘नॉट फॉर बॉल’ : हिंदुस्थानची अडचण

इंग्लंडमध्ये प्रत्येक नळीची सरकारमान्य परीक्षागृहात चाचणी घेऊन तिच्यावर ठसे उमटविण्याची पद्धत होती. लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहे यासाठी प्रसिद्ध होती. चोकचा प्रसार होताच १८७५ च्या नियमांनुसार चोक असलेल्या नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नव्हे’, असा ठसा उमटविण्यास प्रारंभ झाला. १८८७ पासून त्याऐवजी ‘चोक’ हा शब्द आला. छिद्राच्या मापाची सबंध गोळी अरुंद मुखातून बाहेर पडताना अडकू शकते व नळी फुगू किंवा फुटू शकते, ही भीती या ठशामागे होती.

इंग्लंडमधील पक्ष्यांच्या शिकाऱ्याला या निर्बंधाची फारशी झळ बसली नाही. त्याला गोळी झाडण्याचे कारणच नव्हते. हिंदुस्थानात परिस्थिती निराळी होती. येथील शिकारी तितर-लावे शोधीत निघे आणि झुडपातून समोर रानडुक्कर किंवा बिबट्या येई. त्याला एकाच बंदुकीतून छर्रे व गोळी दोन्ही झाडावयाची असत. चोकने छर्ऱ्यांचा पल्ला वाढविला, पण गोळीचा हक्क काढून घेतला.

या अडचणीवरील उत्तर हिंदुस्थानचा अनुभव असलेल्या एका अधिकाऱ्याकडूनच आले. बंगालच्या सैन्यात सेवा केलेले व १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेले जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी यांनी १८८५ मध्ये एक पेटंट घेतले. त्यांनी नळी गुळगुळीतच ठेवून केवळ मुखाशी असलेल्या चोकच्या भागात पीळदार खाचा पाडल्या. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढीने ही बंदूक ‘पॅराडॉक्स’ या नावाने विकली. तीतून छर्रेही झाडता येत आणि तिच्यासाठी घडविलेली खास गोळीही. पण ती महाग होती. सामान्य वतनदाराच्या घरी जी दुनळी आली तिच्यात हे समाधान नव्हते. तेथे उत्तर साधे होते : एक नळी मोकळी आणि दुसरी आवळ. सामान्यतः उजवी नळी कमी चोकची व डावी पूर्ण चोकची असे, आणि दोन स्वतंत्र घोड्यांमुळे शिकाऱ्याला क्षणार्धात निवड करता येई. म्हणजे दुनळी बंदुकीत चोकची निवड बंदुकीतच बांधलेली होती. सुट्या नळीची गरज तिने आधीच भागविली होती.

परभणी : निजामी राजवटीपासून शस्त्र अधिनियमापर्यंत

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. आज स्वतंत्र जिल्हा असलेले हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणीतच होते. हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते हैदराबाद ही रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि परभणी एकीकडे मुंबईशी व दुसरीकडे सिकंदराबादच्या छावणी-बाजाराशी जोडली गेली. विलायती बंदूक व काडतूस या प्रदेशात पोहोचण्याच्या या दोन मुख्य वाटा मानता येतात.

काडतुसांचा पुरवठा दीर्घकाळ विलायतेवर अवलंबून होता. ईली व कायनॉक या इंग्रजी पेढ्या १९१८ मध्ये एका समूहात आल्या आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या महामंडळाचा भाग बनल्या. स्वातंत्र्योत्तर काळात पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे प्रचारात आली. हा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झालेला असून १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. काडतुसाच्या पुठ्ठ्यावरील किंवा प्लॅस्टिकवरील ‘एल.जी.’, ‘एस.जी.’, ‘बी.बी.’, ‘४’, ‘६’ या खुणा खेडोपाडीच्या बंदूकधारकांना पाठ असत. पूर्ण चोकच्या नळीत काय भरावे आणि मोकळ्या नळीत काय भरावे याचे व्यवहारज्ञान या खुणांभोवतीच घडले. परभणी परिसरात ‘चोक बदलणे’ म्हणजे प्रत्यक्षात काडतूस बदलणे किंवा घोडा बदलणे, असाच अर्थ होता.

१९४७-४८ च्या काळात बंदुकीचा सामाजिक अर्थ पालटला. रझाकारांच्या अत्याचारांच्या त्या वर्षात बंदूक शिकारीची उरली नाही. ती भयाची व प्रतिकाराची खूण झाली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईनंतर संस्थान भारतात सामील झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. जहागिरी गेल्या, बंदुका पुष्कळ घरांत राहिल्या. मात्र त्यांच्याविषयीचे ज्ञान, विशेषतः नळीवरील ठसे वाचण्याची विद्या, वारसाने आली नाही.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि मुंबई असो वा परभणी, एकच कायदा लागू झाला. त्यातील तीन तरतुदी या विषयाशी थेट निगडित आहेत. कलम १३ नुसार संरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान २० इंच लांबीच्या नळीची गुळगुळीत छिद्राची बंदूक आणि प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांच्या परवान्याला अन्य शस्त्रांहून वेगळे स्थान मिळाले. ठासणीची बंदूक पीकसंरक्षणास पुरेशी नाही अशी खात्री झाल्यास अन्य गुळगुळीत छिद्राच्या बंदुकीचा परवाना देण्याची मुभाही याच कलमात आहे. कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती व रूपांतर हे परवानाधारक कारागिराचेच काम ठरले. कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे गुन्हा झाला. शिवाय ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येत अग्निशस्त्राच्या भागांचाही समावेश आहे.

नळी आखूड करण्यावरील निर्बंध चोकच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. चोक फक्त मुखाजवळच्या काही सेंटिमीटरांत असल्याने तेवढा तुकडा कापला की पूर्ण चोकची नळी सिलिंडर होते. मुखाशी दबलेली किंवा फुटलेली नळी पूर्वी कधी कापून सरळ केली गेली असेल, तर बुडाशी ‘चोक’ असा ठसा असूनही मुखाशी चोक नसतो. ठसा नळीच्या जन्माची साक्ष देतो. तिच्यावर पुढे काय गुजरले ते मात्र सांगत नाही.

बदलत्या चोकचा उदय आणि मिटलेला बाजार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत एकनळी, अनेक काडतुसांच्या बंदुका लोकप्रिय झाल्या. एकच नळी असल्याने दोन चोकची सोय संपली आणि बदलत्या चोकची गरज निर्माण झाली. १९२० च्या दशकात रिचर्ड कट्स यांचे मुखावर बसविण्याचे साधन आले. त्याला वेगवेगळ्या सुट्या नळ्या जोडता येत. याच सुमारास फिरवून संकोच कमी-अधिक करता येणारे ‘पॉली-चोक’ हे साधनही प्रचारात आले. ही दोन्ही साधने नळीच्या बाहेर, गाठीसारखी दिसणारी होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी विंचेस्टर कंपनीने मॉडेल ५९ या बंदुकीबरोबर सुट्या चोक-नळ्या दिल्या आणि १९६९ मध्ये नळीच्या आत बसणारा ‘विनचोक’ आणला. १९८० च्या दशकात ब्राउनिंगचा ‘इन्व्हेक्टर’, बेरेटाचा ‘मोबिलचोक’ आणि १९८६ मध्ये रेमिंग्टनचा ‘रेम चोक’ असे अनेक प्रकार रूढ झाले.

या कालक्रमाशेजारी भारतातील घडामोडी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर कठोर नियंत्रण आणले; काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपुष्टात आले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकास परदेशी बंदूक आयात करता येईनाशी झाली. सवलत राहिली ती प्रामुख्याने मान्यताप्राप्त नेमबाजांपुरती. म्हणजे जगभर सुटा चोक घराघरांत पोहोचत असतानाच भारतातील सामान्य बंदूकधारकाचे दोन्ही दरवाजे, शिकारीचा आणि बाजाराचा, बंद होत होते. सुट्या चोकचे तंत्र येथे आले ते नेमबाजीच्या मैदानावर. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुहेरी ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविले, तेव्हा या क्रीडाप्रकाराकडे देशाचे लक्ष गेले. ट्रॅपमध्ये लक्ष्य नेमबाजापासून दूर पळत असल्याने आवळ चोक, तर स्कीटमध्ये लक्ष्य जवळून आडवे जात असल्याने मोकळा चोक वापरतात.

परभणीच्या शिवारात प्रश्न पुन्हा उभा राहिला तो पिकांच्या नासाडीतून. ज्वारी, भुईमूग, ऊस व हरभरा यांवर रानडुकरांचे व रोह्यांचे कळप पडतात. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ मध्ये पिकांना उपद्रव देणाऱ्या विशिष्ट प्राण्यांबाबत अधिकृत परवानगीची तरतूद आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्याबाबत अशा परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली. अशी परवानगी प्रत्यक्ष वापरण्याची वेळ आली, की हाती येते ती अनेकदा वारसाने आलेली दुनळी. आणि तेथेच १८७५ चा ठसा पुन्हा जिवंत होतो. रानडुकरासाठी मोठे छर्रे किंवा गोळी घ्यावीशी वाटते. परंतु डावी नळी पूर्ण चोकची असेल आणि गोळी तिच्या मापास घट्ट असेल, तर धोका डुकराला नव्हे, बंदूक धरणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे.

चोक ओळखण्याच्या पद्धती

पहिली पायरी ठसे वाचण्याची आहे. दुनळीच्या नळ्या दस्त्यापासून सोडविल्या की बुडाच्या सपाट भागावर ठसे दिसतात. १८७५ ते १८८७ या काळातील चोक असलेल्या इंग्रजी नळीवर ‘१२ बी’ व ‘१४ एम’ अशा धर्तीची जोडी आढळते. पहिला अंक छिद्राचा, दुसरा मुखाचा. येथे एक चूक वारंवार संभवते. समभुज चौकटीत बारा या अंकाखाली इंग्रजी ‘सी’ अक्षर असलेला ठसा अनेकांना चोकचा वाटतो. वस्तुतः तो काडतूस बसण्याच्या कोठीच्या मापाचा आहे. इटालियन बंदुकांवर चांदण्यांची पद्धत असते : एक चांदणी म्हणजे पूर्ण चोक, दोन म्हणजे पाऊण, तीन म्हणजे अर्धा आणि चार म्हणजे पाव. चांदण्या वाढतील तसा चोक मोकळा होतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

ठशांमधून चोकपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट कळते. इंग्लंडमध्ये धूरविरहित दारूसाठी स्वतंत्र चाचणीची खूण १८९६ पासून दिसू लागते. ज्या नळीवर अशी खूण नाही, विशेषतः लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या नळीवर, तिची परीक्षा फक्त काळ्या दारूची झालेली असते. तीत आजचे काडतूस भरणे धोक्याचे आहे. तसेच जुनी कोठी ६५ मि.मी. काडतुसाची असेल तर ७० मि.मी. काडतूस तीत बसल्यासारखे वाटते, पण फुटल्यावर त्याच्या उलगडणाऱ्या टोकास जागा राहत नाही व दाब वाढतो. अशा नळीपुढे चोकचा प्रश्न गौण ठरतो.

दुसरी पायरी मोजण्याची. अमेरिकेत मुखावर नाणे टेकवून चोक अजमावण्याची ढोबळ रीत आहे. ती फसवी आहे. चोक म्हणजे मुखाचा व्यास नव्हे, तर छिद्र व मुख यांच्यातील फरक होय. दोन बंदुकांचे मुख १७.९ मि.मी. असेल, पण एकीचे छिद्र १८.४ आणि दुसरीचे १८.९ मि.मी. असेल, तर पहिलीत अर्धा व दुसरीत पूर्ण चोक आहे. म्हणून आतील व्यास मोजणाऱ्या साधनाने दोन्ही मापे घेणे आवश्यक ठरते. हे काम परवानाधारक कारागिराकडे, रिकाम्या व सोडविलेल्या नळीवरच व्हावे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष चाचणीची. अधिकृत मैदानावर ४० यार्डांवर मोठा कागद लावून, काडतूस न बदलता अनेक बार झाडावेत आणि ३० इंची वर्तुळातील छिद्रे मोजून सरासरी काढावी. ठसा व मोजमाप अंदाज सांगतात. निर्णय कागद देतो. अर्ध्या चोकची नळी एखाद्या काडतुसाबरोबर पूर्ण चोकसारखा आकृतिबंध देऊ शकते.

सुट्या चोकची निवड

सुट्या नळ्यांच्या बाबतीत ओळख अधिक काटेकोर लागते. नळीवर बहुधा पद्धतीचे नाव कोरलेले असते. तेच निवडीचे पहिले प्रमाण. ‘इन्व्हेक्टर’ आणि ‘इन्व्हेक्टर प्लस’ ही नावे जवळची असली तरी नळ्या परस्परांत चालत नाहीत, कारण दुसऱ्या प्रकारातील छिद्रच मोठे असते. उलट ‘विनचोक’ आणि मूळ ‘इन्व्हेक्टर’ यांचे पेच जुळतात. ‘रेम चोक’ बाहेरून त्यांच्यासारखा भासला तरी वेगळा आहे. नाव नसेल तर बंदुकीचा निर्माता, प्रतिमान व निर्मितीकाळ यांवरून, आणि जुन्या नळीची लांबी, बाह्य व्यास व पेच मोजून निश्चिती करावी लागते.

पेच जुळला म्हणजे नळी जुळली असे नव्हे. नळीची आतील कड छिद्राच्या पृष्ठभागापेक्षा किंचितही वर आली, तर छर्ऱ्यांचा भार तिच्यावर आदळतो आणि नळी फाटू शकते. कडेवरील खाचांची संख्या सामान्यतः चांदण्यांप्रमाणेच वाचतात : एक खाच पूर्ण चोकची. काही नळ्यांवर फक्त शिशासाठी असल्याची सूचना असते. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला बंदी झाली व पोलादी छर्रे आले. ते शिशाप्रमाणे दबत नसल्याने आवळ चोकमधून झाडणे धोक्याचे ठरले. सुटा चोक काढून मोकळ्या पेचांवर बार झाडणे हीदेखील बंदूक नासविण्याची वाट आहे.

ज्या जुन्या नळीत पेच नाही तीत तो पाडून घ्यावा काय, हा प्रश्न अखेरीस उरतो. दुनळीच्या मुखाशी धातूची जाडी अनेकदा फार कमी असते. तेथे पेच पाडणे म्हणजे उरलीसुरली ताकद काढून घेणे होय. शिवाय हे काम कायद्याने परवानाधारकाच्या कक्षेत येते. वारसा म्हणून आलेल्या दुनळीच्या बाबतीत ‘कोणता चोक बसवावा’ याचे इतिहाससंमत उत्तर बहुधा ‘कोणताही नाही’ हेच आहे.

निष्कर्ष

१) बदलता येणारा चोक हा एकनळी बंदुकीच्या प्रसारातून निर्माण झालेल्या गरजेचा परिणाम आहे. दुनळी बंदुकीने ती गरज दोन नळ्यांत दोन चोक देऊन आधीच भागविली होती.

२) हिंदुस्थानातील शिकारीत छर्रे व गोळी दोन्ही लागत असल्याने चोक येथे सोय आणि धोका अशा दुहेरी रूपात आला. ‘नॉट फॉर बॉल’ हा ठसा त्या धोक्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा होय.

३) सुट्या चोकच्या जागतिक प्रसाराचा काळ आणि भारतात शिकार व आयात बंद होण्याचा काळ एकच असल्याने परभणीसारख्या जिल्ह्यात हे तंत्र सामान्य परवानाधारकापर्यंत रुजले नाही. येथील निवड काडतुसाची व घोड्याची राहिली.

४) परवान्यात बोअर, प्रकार व क्रमांक नोंदले जातात, चोक, कोठीची लांबी व दारूच्या चाचणीची खूण नोंदली जात नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ज्या तीन गोष्टी निर्णायक आहेत, त्याच अशा रीतीने कागदाबाहेर राहतात.

५) म्हणून वारसाहक्काने परवाना घेताना परवानाधारक कारागिराकडून नळीचे ठसे व मापे यांची लेखी नोंद करून घेणे इष्ट ठरेल. अशी नोंद पीकसंरक्षणासाठी बंदूक हाती घेणाऱ्या शेतकऱ्याचे रक्षण करील आणि जिल्ह्याच्या भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकास एक नवे साधनही देईल.

खंडेनवमीस पूजेला मांडलेल्या दुनळीवर हळद-कुंकू वाहिले जाते ते तिच्या दस्त्यावर व नळीवर. नळ्या सोडवून, बुडाशी उमटलेली ती बारीक अक्षरे वर्षातून एकदा वाचली गेली, तर त्या पूजेला अर्थाची जोड मिळेल.